मध्यंतरातली भूक



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय दुसरा, श्लोक ५९.

कालच्या श्लोकात कासव होतं. आपले अवयव आत ओढून घेणारं. आज भगवंत त्याच्या पुढची, जास्त अडचणीची गोष्ट सांगतात. माझ्या शब्दांत सांगायचं तर अशी : जो खाणंच बंद करतो त्याच्यापासून विषय लांब जातात, पण त्यांची गोडी मात्र त्याच्याजवळच राहते. ती गोडीसुद्धा जाते, पण परमाचं दर्शन झाल्यावर. या गोडीसाठी श्लोकात शब्द आहे 'रस'.

हा श्लोक आला की मला मल्टिप्लेक्सच्या लॉबीतला पॉपकॉर्नचा वास आठवतो. हसू नका. मी सिनेमावेडा माणूस आहे आणि गेले चौदा महिने वजन कमी करतोय. उंची १७२ सेंटिमीटर, सुरुवातीचं वजन ९६ किलो. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी ती एचबीएवनसी टेस्ट असते ना, ती ६.१ आली होती. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. माझे बाबा इन्सुलिनवर आहेत, त्यांच्या डाव्या पायाला आता चटका लागलेलाही कळत नाही. त्यामुळे हा आकडा माझ्यासाठी फक्त रिपोर्टमधला आकडा नव्हता.

तर प्रश्न असा आहे. वजन कमी करायला घेतलं तेव्हा ज्यांनी ज्यांनी सल्ला दिला, त्यातल्या बहुतेकांनी एक गोष्ट हमखास सांगितली : सिनेमा सोड. जिममधला ट्रेनर म्हणाला, "सर, आठवड्याला दोन सिनेमे म्हणजे दोन चीट मील." ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, "अरे, तुझा ट्रिगरच तो आहे." मामा तर म्हणाले, "देवाचं करतोस ना? मग हे सिनेमाचं खूळ कशाला? दोन्ही सुटतील एका फटक्यात." मामांचं बोलणं सोडून देता येत नाही, कारण त्यात एक जुना आणि वजनदार विचार आहे. (वजनदार हा शब्द मुद्दाम नाही आला.) एखादी आवड दुसऱ्या वाईट सवयीला धरून येत असेल, तर आवडच मुळापासून काढावी का? साधक म्हणून आपलं उत्तर काय?

माउलींनी ज्ञानेश्वरीत या श्लोकावर जे लिहिलंय ते मला फार आवडतं, कारण ते अगदी पोटाशी येऊन बोलतात. रस म्हणजे सगळ्याच विषयांची गोडी असा व्यापक अर्थ करता येतो. माउली मात्र सरळ जिभेवर बोट ठेवतात. कान, डोळे वगैरे आवरले आणि जीभ मोकळी सोडली, तर विषय हजार बाजूंनी पुन्हा घेरतात, असं त्यांचं म्हणणं. वरवर पालवी खुडायची आणि मुळाला पाणी घालत राहायचं, मग झाड मरेल कसं, असा दाखला ते देतात. आणि मग येते ती ओळ, जी वाचून मी मोबाइल खाली ठेवला होता. तिचा भाव असा : बाकीच्या इंद्रियांचे विषय हट्टानं तोडता येतात, पण जिभेचं तसं करता येत नाही, कारण तिच्यावाचून जगणंच चालत नाही.

किती साधी गोष्ट आहे! दारू सुटते, सिगारेट सुटते. आमच्या टीममधल्या एकानं इन्स्टाग्राम सोडलं आणि तो जिवंत आहे. जेवण सोडता येत नाही. दारू सोडणाऱ्याला कोणी सांगत नाही की दिवसातून तीन वेळा, अगदी मोजून, अर्धा पेग घे आणि चौथ्याला नाही म्हण. वजन कमी करणाऱ्याला मात्र रोज नेमकं हेच करायचं असतं.

आणि म्हणूनच मला वाटतं, सगळे सिनेमा सोडायला सांगतात. सिनेमा सोडता येतो म्हणून. जेवण सोडता येत नाही, तेव्हा हाताला येईल ती फांदी तोडायची. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज बघतो. प्रॉडक्शनला बग आला की ज्या मॉड्यूलला हात लावणं सोपं तिथे पहिला बदल होतो, बग जिथे आहे तिथे नाही. पालवी खुडली जाते.

मग मूळ कुठे आहे? यावर मी बरेच दिवस घालवले.

अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड नील, वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉपकॉर्नवर एक प्रयोग केला होता, २०११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सिनेमाला आलेल्या लोकांना पॉपकॉर्न दिले. काहींना ताजे, काहींना सात दिवसांचे शिळे. ज्यांना थिएटरात पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती, त्यांनी शिळे पॉपकॉर्नही जवळपास ताज्याइतकेच खाल्ले. आवडले म्हणून नाही, शिळे आहेत हे त्यांना कळतही होतं. पण तशाच लोकांना मीटिंग रूममध्ये बसवून गाण्यांचे व्हिडिओ दाखवले तेव्हा शिळे पॉपकॉर्न फारसे कोणी खाल्ले नाहीत. अंधार, खुर्ची, पडदा हे सगळं जमून आलं की हात आपोआप चालतो. पुढची गंमत म्हणजे त्यांनी काही लोकांना नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हातानं खायला लावलं, तर खाणं कमी झालं. (आमच्या आजीनं हा प्रयोग होऊच दिला नसता. डाव्या हातानं खाल्लं की पाठीत धपाटा.)

आता हे आपल्या श्लोकाशेजारी ठेवून बघा. श्लोकातला माणूस जेवत नाही, पण गोडी शिल्लक आहे. थिएटरातला माणूस जेवतोय आणि गोडीच नाही! बरोबर उलटं चित्र. तिथे विषय गेला आणि रस राहिला. इथे रस गेला आणि विषय राहिला, तोही जम्बो टबमध्ये, वर फ्री रिफिल.

हे लक्षात आल्यावर मी सतरावा अध्याय पुन्हा काढला. तिथे सात्त्विक, राजस, तामस आहाराचे श्लोक आहेत, आठ ते दहा. आपल्याकडे सात्त्विक म्हटलं की लोकांना उकडलेला दुधी दिसतो. पण भगवंतांनी सात्त्विक अन्नाचं जे वर्णन केलंय त्यात ते रसाळ, स्निग्ध, मनाला आवडणारं असावं असं आहे. आणि तामस अन्नाच्या यादीत काय आहे? शिळं, आणि ज्यातला रस निघून गेलाय असं. म्हणजे दुसऱ्या अध्यायात जो रस जायला हवा म्हणतात, सतराव्यात तोच रस नसणं हे तामसाचं लक्षण आहे. दोन्ही जागी शब्दाची छटा वेगळी आहे हे मान्य, एका ठिकाणी तो मनातल्या ओढीचा आहे, दुसऱ्या ठिकाणी अन्नाच्या गुणाचा. तरी मला हे शेजार अर्थपूर्ण वाटतं. गीता रसाच्या विरोधात नाही. बेचव, बेभान खाण्याच्या मात्र नक्कीच विरोधात आहे.

आणि सिनेमावाल्यांना तर हा शब्द घरचा आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात नाटकातला रस समजावताना उदाहरण दिलंय ते जेवणाचंच. निरनिराळी व्यंजनं घालून केलेलं अन्न खाताना चोखंदळ माणूस जसा रस चाखतो, तसा प्रेक्षक भावांचा रस चाखतो. म्हणजे प्रेक्षक हा मुळात चाखणारा आहे. मग जो माणूस अडीच तास एकेक फ्रेम चाखतो, त्याचाच हात त्याच वेळी काहीही न चाखता पोटात भर टाकत असतो, हे किती विचित्र आहे. एकाच खुर्चीत रसिक आणि अरसिक.

आता मामांच्या प्रश्नाकडे येतो. सिनेमा आणि उपास यांचं नातं वाटतं तितकं परकं नाही. १९७५ साली 'जय संतोषी माँ' आला. लोक थिएटरात चपला काढून बसत, पडद्यावर पैसे उधळत. आणि तो सिनेमा पाहून कितीतरी घरांत सोळा शुक्रवारचं व्रत सुरू झालं. माझी आईसुद्धा लग्नाआधी करायची. गूळ-चण्याचा नैवेद्य आणि त्या दिवशी आंबट पूर्ण बंद. एका सिनेमानं लाखो जिभांना आठवड्यातून एक दिवस नियम लावला, हे कुठल्या डाएट अ‍ॅपला जमलंय सांगा!

अर्थात सिनेमानं उलटही खूप शिकवलंय. गायिका म्हणून आलेल्या उमादेवींना पडद्यानं टुणटुण केलं आणि मग गल्लीतल्या प्रत्येक जाड मुलीला तेच नाव पडलं. जाड माणूस म्हणजे विनोद, हे आमच्या पिढीनं अंधारात हसत हसत गिरवलंय. दुसरी शिकवण म्हणजे ट्रेनिंगचं गाणं. तीन मिनिटांत नायक धावतो, दोर चढतो, अंडी पितो, आणि गाणं संपेपर्यंत बारीक होतो. 'दंगल'साठी आमिर खाननं वजन वाढवलं आणि मग उतरवलं, ते आपण सगळ्यांनी व्हिडिओत पाहिलं. त्याचं कौतुक आहेच. पण तिथे वजन हा वेश होता, भूमिकेसाठी चढवलेला आणि उतरवलेला. आपल्यासाठी ते अंगच असतं. सचिन कुंडलकरांचा 'वजनदार' (२०१६) मला म्हणूनच जवळचा वाटतो. सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांनी त्यासाठी खरंच वजन वाढवलं होतं, पण सिनेमा बघताना डोक्यात राहतात त्या दोघी मैत्रिणी, त्यांचं एकमेकींना सांभाळणं.

खऱ्या आयुष्यात एडिटिंग नाही. गणित करून दाखवतो, ही माझी खोड आहे. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७७०० कॅलरी. माझं वजन आज ८९ आहे. सात किलो, म्हणजे साधारण ५४ हजार कॅलरी. चौदा महिन्यांचे जवळपास ४२५ दिवस. भागाकार केला तर रोजचे सव्वाशेच्या आसपास. अर्धा समोसा! चौदा महिन्यांचा माझा सगळा पराक्रम म्हणजे रोज अर्धा समोसा न खाणं. यावर कोणी गाणं चित्रित करणार नाही.

आणि हे गणितसुद्धा पूर्ण सत्य नाही बरं का. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबी, हा आपला भारतीय साचा. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. मी सध्या ३० च्या आसपास आहे. काटा आणि आरसा दोन्ही अर्धवट साक्षीदार आहेत. देह बाहेरून ओळखता येत नाही, हे सांगायला वेदान्तच लागतो असं नाही, लॅन्सेटही सांगतं.

उपासाबद्दल थोडं. आपल्यापैकी बरेच जण एकादशी करतात, आणि त्यातले अर्धे हल्ली सोळा-आठचं फास्टिंगही करतात. दोन्हींची सरमिसळ झालीय. "एकादशी आणि दुप्पट खाशी" हे आपल्या आज्यांना माहीत होतंच, साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट आणि तुपाची धार हा काही हलका आहार नाही. पण मला जास्त खटकतं ते दुसरं. बहात्तर तास फक्त पाण्यावर राहून त्याचे रोज फोटो टाकणं. सतराव्या अध्यायाचे पाचवा-सहावा श्लोक वाचा. शास्त्रात न सांगितलेलं घोर तप करणारे, दंभानं आणि अहंकारानं शरीर कोरडं पाडणारे, आणि त्या शरीरात राहणाऱ्या मलाही त्रास देणारे, त्यांचा निश्चय आसुरी आहे असं भगवंत म्हणतात. त्रास 'मलाही' होतो, हे वाक्य मला थांबवतं. पोटाला चिमटा काढताना आपण एकटेच नसतो. खायला घालतानाही नसतो.

याचं दुसरं टोक म्हणजे प्रसाद. सत्यनारायणाचा शिरा. सव्वाच्या मापाचा रवा, तितकंच तूप, तितकीच साखर. आई द्रोण पुढे करते. मी म्हणतो, "आई, चमचाभरच दे." आई म्हणते, "देवाला पण काटा लावणार आहेस का रे?" मी तो चमचाभर शिरा अ‍ॅपमध्ये लिहितो. अ‍ॅपमध्ये 'प्रसाद' असा प्रकार नाही, तिथे 'सुजी हलवा' म्हणून नोंद होते. कॅलरीला भक्ती कळत नाही आणि ते बरोबरच आहे. आईला वाईट वाटलं तरी मला वाटतं, चमचाभर हाच प्रसाद आहे. वाडगाभर झाला की तो नाश्ता होतो.

मग मी काय केलं? सिनेमा सोडला नाही. अंधारात खाणं सोडलं. एवढा एकच नियम. पडदा चालू असताना तोंड बंद, घरी टीव्हीसमोरही. काही खायचं असेल तर मध्यंतरात, बाहेर, उजेडात, उभं राहून, आणि खाताना मोबाइल नाही. मध्यंतर ही आपल्या सिनेमाची किती सुंदर सोय आहे! परदेशी सिनेमात ती नसते, आपल्याकडे मात्र दिग्दर्शक मुद्दाम तिथे गाठ मारून ठेवतो. दहा मिनिटं उजेड होतो आणि माणूस स्वतःकडे बघू शकतो. मेनू-बोर्डावर किमतीशेजारी कॅलरीही छापलेल्या असतात. दोन्ही आकडे वाचले की निम्मी भूक तिथेच जाते.

दुसरी गोष्ट सहाव्या अध्यायातली. सोळावा-सतरावा श्लोक आपण 'युक्ताहार' एवढ्यावरच संपवतो. पण तिथे फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही, हे सांगितल्याबरोबर पुढे झोपेचंही तेच सांगितलंय. आहाराच्या जोडीला विहार आहे, झोप आणि जागणं आहे. सिनेमावाल्यांनी हे नीट वाचावं. शेवटचा शो, साडेबाराला घर, दोनला झोप, आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ऑफिसच्या कँटीनमध्ये वडापावची अनिवार ओढ. झोप कमी झाली की भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं घटतं, हे आता विज्ञानानंही दाखवलंय. मी रात्रीचे शो कमी केले, सकाळचे वाढवले. विहाराला वेळ लावली, विहार बंद नाही केला. कालच्या श्लोकातलं कासवही पाय आत घेतं तसे बाहेरही काढतं. पाय कापून टाकणारं कासव गीतेत नाही.

इथपर्यंत गोष्ट छान चाललीय ना? आता अडचण सांगतो, कारण ती न सांगता श्लोक पुढे नेणं मला पटत नाही.

नियम लावल्यावर समोशाची चव वाढली. खरंच. पूर्वी टब कधी संपला कळायचं नाही. आता दोन आठवड्यांतून एक समोसा, उजेडात, पूर्ण लक्ष देऊन. त्यातला ओवा कळतो, वाटाणा कळतो, कडेचा जाड दुमडलेला भाग किती खुसखुशीत आहे हे कळतं. म्हणजे मी शिळ्या, बेचव खाण्यातून सुटलो, आणि थेट श्लोक ५९ मध्ये येऊन पडलो. विषय कमी झाला, रस वाढला. बुधवारी स्टँडअप मीटिंगमध्ये मला शनिवारचा समोसा दिसतो! माउली म्हणाले होते, जीभ हट्टानं आवरत नाही. सवय मोडता येते, हात बदलून, जागा बदलून, उजेड लावून. गोडीला कुठला हात बदलणार?

श्लोकाचं उत्तर आहे की परमाचं दर्शन झालं की गोडीही जाते. आता मला काही दर्शन झालेलं नाही. पण त्याची एक फार छोटी, फार धूसर सावली मी पाहिलीय, ती सांगतो.

बाबांनी मला सिनेमा दाखवला. मिरजेत, एसटीच्या नोकरीतून सुटी मिळाली की दोघं जायचो. मध्यंतरात ते बाहेरून भाजलेल्या शेंगांची पुडी आणायचे आणि अर्ध्या शेंगा माझ्या हातात ओतायचे. सिनेमा आणि खाणं माझ्यात एकत्र आलं ते तिथे. त्याला मी ट्रिगर म्हणू शकत नाही, ते माझे बाबा आहेत. इन्सुलिन सुरू झाल्यापासून ते खिशात फुटाणे ठेवतात, साखर एकदम उतरली तर असावी म्हणून खडीसाखरेचा एक खडाही. मल्टिप्लेक्सला यायला मात्र कां-कूं करतात. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी घालायचा हक्क थिएटरमालकांना आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं, तो निकाल त्यांनी पेपरात वाचलाय. "उगाच गेटवर खिसे दाखवायला नकोत," म्हणतात.

म्हणून गेल्या कार्तिकी एकादशीला घरीच टीव्हीवर प्रभातचा 'संत तुकाराम' लावला. १९३६ चा, दामले-फत्तेलालांचा. पुढच्या वर्षी व्हेनिसला गौरवला गेलेला. विष्णुपंत पागनीसांचा चेहरा तुम्ही पाहिला नसेल तर जरूर पाहा, त्यात अभिनय शोधूनही सापडत नाही. आणि जिजाई! मला ती नेहमी या श्लोकाची दुसरी बाजू वाटते. घरात पोरांच्या पोटाला हवं, आणि नवरा विठ्ठलात हरवलेला. संतापून ती देवळात जाते आणि विठोबावरच चप्पल उगारते. भुकेचा पक्ष कोणीतरी इतक्या जोरानं मांडायलाच हवा होता.

बाबांच्या उजव्या मुठीत फुटाणे होते. एकेक करून तोंडात टाकत होते. पागनीस गायला लागले तेव्हा हात अर्ध्यावर थांबला. मी पडद्याऐवजी त्या हाताकडे बघत होतो. किती मिनिटं गेली माहीत नाही, मूठ तशीच छातीजवळ, फुटाणा दोन बोटांत. त्यांनी स्वतःला आवरलं नव्हतं. कुठला नियम नव्हता, ते अ‍ॅप वापरत नाहीत. खाणं फक्त राहून गेलं होतं, जसं गप्पांत चहा गार होतो. मला वाटतं, रस जाणं हे असं असेल. हिसकावून घेतल्यासारखं नाही.

गाणं संपलं. बाबांनी फुटाणा तोंडात टाकला आणि म्हणाले, "दाणे जरा मऊ पडलेत रे. नवीन आण उद्या."

म्हणजे तेही परत आले. मीही येतो. चांगला सिनेमा मला दोन-अडीच तास माझ्या पोटाच्या वर कुठेतरी धरून ठेवतो, आणि श्रेयनामावली संपली की खाली सोडतो. सिनेमा परम नाही, त्याला परम मानायची घाई मी करणार नाही. मामा इथे बरोबर आहेत. पण ज्याला पडद्यावरच्या गोष्टीत स्वतःला विसरणं माहीत आहे, त्याला निदान एवढं ठाऊक असतं की विसरता येतं. ते दार आहे हे ठाऊक असलेल्या माणसाला दारच बुजवायला सांगावं, हे मला आजही पटत नाही. मामांशी या विषयावर दिवाळीत पुन्हा बोलणं होईलच.

उद्या श्लोक ६०. त्यात भगवंत म्हणतात की प्रयत्न करणाऱ्या शहाण्या माणसाचंही मन इंद्रियं जबरदस्तीनं ओढून नेतात. उद्या शुक्रवार आहे, नवा सिनेमा लागतोय, संध्याकाळी सहाचा शो. बाबांचंही तिकीट काढलंय, यायला तयार झालेत. दोघं पाच वाजता भाकरी खाऊन निघणार आहोत. फुटाण्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

रामकृष्णहरी!